रताळ्याला वेळ द्या: उकडण्यापासून पोपटीपर्यंत

आमच्याकडे रताळी वर्षातून दोनदाच यायची, आषाढीला आणि महाशिवरात्रीला, आणि दोन्ही वेळा त्यांचं एकच व्हायचं. कुकरमध्ये पाण्यात बुडवून चार शिट्ट्या, झाकण उघडलं की सालं सुटलेली, आत पाणी शिरलेलं, चव पाणचट, आणि मग ते जरा गोड लागावं म्हणून वरून साखर. मला वाटायचं रताळं असंच असतं, उपासाची शिक्षा. मग एका डिसेंबरात मामाच्या गावी रात्री जेवणं झाल्यावर मामीने चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि उरलेल्या गरम राखेत सहा-सात रताळी पुरून ठेवली, कोणी लक्षही दिलं नाही, तासाभराने गप्पा संपल्यावर काढली तर टोकांतून काकवीसारखा चिकट पाक सुटून तिथेच करपलेला. तेच रताळं बरं का, त्याच पाटीतलं. मग साखर आली कुठून?

तर ती शिजताना तयार होते. कच्च्या रताळ्यात भरपूर स्टार्च असतं आणि त्याचबरोबर बीटा अमायलेज नावाचं एक एन्झाइम असतं, जे त्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर करतं. पण हे एन्झाइम जोरात काम करतं ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान, त्याच्या खाली ते सुस्त आणि ८०च्या वर गेलं की खलास. म्हणजे रताळं आतून या मधल्या तापमानात जितका वेळ राहील तितकं गोड. कुकर आणि मायक्रोवेव्ह त्याला या टप्प्यातून धाडकन पुढे नेतात, राख आरामात नेते. हे एवढं कळलं की पुढच्या सगळ्या रेसिप्यांमधलं झाकण का ठेवायचं, गॅस बारीक का करायचा, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणायचं कुठलं

पुण्यात आषाढीच्या आसपास करमाळ्याकडची गावरान रताळी आणि बेळगावकडून येणारी अशी दोन्ही दिसतात. सालीवरून लाल आणि पांढरी असे दोन प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतात, माझं मत लाल सालीला, गर घट्ट आणि कोरडसर असतो आणि भाजल्यावर खरपूस लागतो. नारिंगी गराची आता मिळायला लागलीयेत, भू सोना ही त्यातलीच एक जात, आणि आतून जांभळी असणारी भू कृष्णा. नारिंगी दिसायला सुंदर, त्यात बीटा कॅरोटीनही भरपूर, पण गर ओलसर असतो, त्यामुळे सूप, पराठा, घाऱ्या यांना मस्त आणि किसाला एकदम बेकार, लगदा होतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक टीप. अमेरिकेतल्या दुकानांत 'याम' म्हणून जे नारिंगी विकतात ते रताळंच असतं, खरा याम म्हणजे आपल्या कोनफळ-कणगराच्या जातीचा कंद, तो वेगळा. आपल्या चवीच्या जवळ जायचं असेल तर जपानी स्वीट पोटॅटो म्हणून मिळतं ते घ्या, बाहेरून जांभळट लाल आणि आतून पिवळसर पांढरं. कीस, काप सगळं त्याचं नीट होतं.

निवडताना मोठ्ठालं बघून भुलायचं नाही. १५० ते २०० ग्रॅमचं, निमुळतं, हाताला कडक लागणारं घ्या, आणि शक्यतो सगळी एकाच जाडीची, नाहीतर एक कच्चं राहतं तोवर दुसरं फुटतं. सालीवर बारीक बारीक भोकं असतील तर सरळ बाजूला ठेवा. ते सोंड्या भुंग्याचं काम. अशा रताळ्यात कडू द्रव्यं तयार होतात, ती शिजवूनही जात नाहीत आणि अंगाला चांगलीही नाहीत, त्यामुळे तेवढा भाग कापून बाकीचं वापरू असा काटकसरी विचार इथे करू नका, पूर्ण टाका. (मी केला होता. अख्खी खीर ओतून द्यावी लागली, दूध वाया गेलं ते वेगळंच.)

आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत, हे फार जण चुकतात. थंडीने रताळं आतून बिघडतं, मग कितीही शिजवा मध्ये एक कडक गाठ राहते. टोपलीत, कागदावर, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवा आणि धुवायची ती वापरायच्या वेळीच. अगदी ताजी काढलेली कमी गोड लागतात, आठवडाभर पडून राहिली की सुधारतात, म्हणून एकादशीच्या आदल्या संध्याकाळी गर्दीत धक्के खात महाग घेण्यापेक्षा पाच-सहा दिवस आधी आणा.

उकडायचं असेल तर

माती असतेच, म्हणून दहा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा आणि मग नारळाच्या शेंडीने घासा. साल काढायची नाही. टोकंही कापू नका, तिथूनच पाणी आत शिरतं.

माझी पहिली पसंती मोदकपात्राला, किंवा इडलीपात्राला, किंवा पातेल्यात चाळणी ठेवून वर झाकण, काहीही चालेल. खाली दोन वाट्या पाणी, वर रताळी, पाणी गार असतानाच रताळी ठेवायची आणि गॅस मध्यमपेक्षा कमी. ३० ते ४० मिनिटं लागतात, जाडीवर आहे. सुरी किंवा विणायची सुई मधोमध घालून बघा, लोण्यात गेल्यासारखी गेली की बंद. पण लगेच काढू नका, झाकण ठेवून दहा मिनिटं तशीच राहू देत.

कुकरच वापरायचा असेल, आणि सकाळच्या घाईत तो वापरला जाणारच, तर निदान रताळी पाण्यात बुडवू नका. कुकरच्या तळाला पेलाभर पाणी, वर जाळी, त्यावर भांड्यात रताळी, भांड्यात थेंबभरही पाणी नाही. शिट्टी काढून ठेवून बारीक गॅसवर आधी १५ मिनिटं नुसती वाफ द्यायची, मग शिट्टी लावून मध्यम आचेवर दोन शिट्ट्या आणि प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. त्या १५ मिनिटांनी गोडीत केवढा फरक पडतो ते एकदा दोन्ही प्रकार शेजारी ठेवून खाऊन बघा.

उकडलेलं खायचं कसं? गरम असताना मधोमध चीर द्या, आत चमचाभर साजूक तूप आणि किंचित मीठ. बस. दुसरं म्हणजे थंड दुधात कुस्करून, हे लहान मुलं आणि दात नसलेली आजी दोघांनाही चालतं. आणि उपास नसेल त्या दिवशी लसणाची सुकी चटणी आणि दही, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही पण करून बघाच.

भाजणं, म्हणजे खरं रताळं

चूल किंवा शेकोटी मिळाली तर दुसरं काही बघायचंच नाही. जाळ नको, निखारे पण थेट नकोत, निखाऱ्यांच्या बाजूची गरम राख पाहिजे. कोरडी रताळी त्यात पूर्ण पुरा, वर थोडे निखारे ओढा, ४५ मिनिटं ते एक तास, मध्ये एकदा बाजू बदला. चिमट्याने दाबून मऊ लागली की काढून राख झटका.

घरच्या गॅसवर लोक पापडाच्या जाळीवर ठेवतात आणि मग बाहेरून कोळसा, आतून कच्चं असं होतं. त्यापेक्षा जाड बुडाची लोखंडी कढई घ्या, तळाला बोटाच्या दोन पेरांएवढा खड्या मिठाचा थर द्या, त्यावर रताळी आणि घट्ट बसणारं जड झाकण. सगळ्यात बारीक गॅस, दर १५ मिनिटांनी उलटवायची, ५० मिनिटं ते एक तास. मीठ वाया जात नाही, गार करून डब्यात भरा आणि पुढच्या वेळी तेच वापरा, माझं तेच मीठ दोन वर्षं चाललंय. गॅस किती जातो असं विचाराल, तर जातो थोडा, म्हणून एका वेळी सहा-सात तरी भाजायची.

ओव्हन असेल तर प्रीहीट करू नका. गार ओव्हनमध्ये ठेवा, १५० अंशावर ३० मिनिटं, मग २००वर अजून ३० ते ४०. खाली ट्रेमध्ये कागद घाला कारण पाक गळतो आणि तो घासताना जीव जातो. फॉइलमध्ये गुंडाळायची नाहीत, आत वाफ कोंडते आणि भाजलेल्याऐवजी उकडलेलं हाती येतं. एअर फ्रायरला १५०वर २० मिनिटं आणि १९०वर २०, मध्यम आकाराला पुरतं.

मायक्रोवेव्हमध्ये ५-६ मिनिटांत होतं हे खरं, सगळीकडून काट्याने टोचून मगच ठेवायचं नाहीतर फुटतं, पण ते फक्त पोट भरायला. त्याला रताळं खाल्लं म्हणू नये.

भाजलेल्याचं चाटही छान होतं. दिल्लीत थंडीत शकरकंदीचे ठेले लागतात, तिथे साल काढून चौकोनी फोडी, वर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट, लिंबू आणि आंबट कमरख चिरून घालतात. आपल्याकडे कमरख म्हणजे करमल मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर लिंबू थोडं जास्त पिळा किंवा डाळिंबाचे दाणे घाला.

कीस

अर्धा किलो रताळी, दोन मोठे चमचे तूप, चमचाभर जिरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी दाण्याचं कूट, मीठ, लिंबू, ओलं खोबरं. काहींच्या उपासाला जिरं चालत नाही, काहींना कोथिंबीर चालत नाही, ते तुमच्या सासूबाईंना विचारा, मी त्यात पडत नाही.

किसायच्या आधी हाताला थोडं तेल लावा, कारण कच्च्या रताळ्याला पांढरा चीक असतो, तो बोटांवर वाळून काळा पडतो आणि दोन दिवस निघत नाही. किसणीची जाड बाजू वापरायची, बारीक किसलं की खिमट होणार. कीस थेट गार पाण्याच्या भांड्यात पाडा, म्हणजे काळा पडत नाही आणि वरचं सुटं स्टार्चही धुऊन जातं, मग चाळणीत निथळत ठेवा, हलक्या हाताने दाबा, पिळून चोथा करू नका.

पसरट कढईत तूप, जिरं तडतडलं की मिरची, मग कीस. खालीवर करून झाकण ठेवा, मंद आचेवर ४ मिनिटं, पुन्हा हलवून पुन्हा ३-४ मिनिटं. या वाफेतच तो गोड होतो. आता मीठ, मग झाकण काढून गॅस थोडा वाढवायचा आणि तीन मिनिटं परतायचं म्हणजे सुटा होतो. कूट सगळ्यात शेवटी, नाहीतर ते तळाला लागतं आणि कीस कोरडा ठाक होतो. बटाट्याच्या किसाच्या सवयीने साखर घालायला हात जाईल, आवरा. लिंबू आणि खोबरं वाढताना. सोबत गोड दही नको, जरा आंबटच घ्या.

बटाट्यावरून आठवलं, बटाट्याची आणि रताळ्याची जात वेगळी, बटाटा वांग्या-टोमॅटोच्या घरचा आणि रताळं गारवेलीच्या. पण आपण वापरतो तो 'बटाटा' शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळंच. म्हणजे पाहुण्याने येऊन घरच्याचंच नाव घेतलं. तसं दोघंही अमेरिकेतूनच आलेले, आणि दोघंही आपल्या उपासाच्या ताटात असे बसलेत की विठोबाच्या काळापासून इथेच आहेत असं वाटावं.

गोड काप

हा पदार्थ घराघरात वेगळ्या नावाने असतो, कोणी चकत्या म्हणतं, कोणी काप, कोणी काचऱ्या. अर्धा किलो रताळ्याच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, साल ठेवून केल्या तर आकार टिकतो. जाड तव्यात दोन चमचे तूप, चकत्या एका थरात लावा, झाकण, मंद गॅसवर ६-७ मिनिटं, उलटवून अजून ५. सुरी सहज गेली की मगच गूळ. आधी गूळ घातला तर चकत्या चिवट राहतात आणि मग कितीही शिजवा मऊ होत नाहीत. अर्ध्या किलोला पाव वाटी चिरलेला गूळ आणि दोन चमचे पाणी पुरे, वेलची, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडाला उठाव नाही. गूळ विरघळून चकत्यांना चमक आली की गॅस बंद, पुढे शिजवला तर गार झाल्यावर चिक्की होते.

याच्यातच पाण्याऐवजी नारळाचं दूध वापरलं की वेगळाच प्रकार. फोडी आधी नारळाच्या पातळ दुधात बारीक गॅसवर शिजवायच्या, मग गूळ, तो विरघळला की गॅस बंद करून दोन मिनिटांनी घट्ट दूध आणि जायफळ. घट्ट दूध घातल्यावर उकळी नको, फुटतं. सोबत गरम घावन असतील तर जेवण झालंच समजा.

घाऱ्या

उकडलेली रताळी गरम असतानाच किसून किंवा कुस्करून घ्या, गार झाली की गाठी राहतात. एक वाटी लगदा, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, दोन्ही एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत ठेवा, मग चिमूट मीठ, वेलची, एक चमचा खसखस, दोन चमचे गरम तेलाचं मोहन, एक मोठा चमचा तांदळाची पिठी आणि कणीक मावेल तेवढी. साधारण दीड वाटी मावते, पण मोजून घालू नका, रताळ्याच्या ओलाव्यावर आहे. पाणी अजिबात नाही. गोळा पुरीच्या पिठासारखा घट्ट हवा, पंधरा मिनिटं झाकून ठेवला की गूळ सुटून तो सैल होतोच, त्यामुळे आधीच सैल भिजवलं तर लाटता येणार नाही, केळीच्या पानावर थापावं लागेल. जाडसर लाटा, मध्यम आचेवर तळा, मोठ्या गॅसवर गुळामुळे बाहेरून लगेच काळ्या होतात. तीन दिवस सहज टिकतात, प्रवासाला उत्तम. उपासाला करायच्या तर कणीक आणि पिठीच्या जागी राजगिऱ्याचं पीठ घ्या आणि खसखस वगळा, मात्र राजगिऱ्याच्या फुगत नाहीत, थापूनच कराव्या लागतात.

पोपटी

थंडीत रायगडात, अलिबाग-पेणकडे कुणी ओळखीचं असेल तर स्वतःला बोलावून घ्या. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डी या कडवट वासाच्या रानझुडपाचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, रताळी, खाणाऱ्यांसाठी अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, वर परत पाला दाबून भरायचा आणि मडकं शेतात उपडं ठेवून भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंबही नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच शिजतं. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र होऊन लगेच उडालं की झालं. सगळे कोंबडीवर तुटून पडतात, तेव्हा तुम्ही गपचूप रताळी उचला, पाल्याचा तो कडवट वास त्यांना इतका बसतो की तूप-मीठ काही लागत नाही.

बाकीचे प्रकार पटापट. सांबारात लाल भोपळ्याच्या जागी रताळ्याच्या फोडी चालतात, फक्त चिंच फोडी शिजल्यावर घाला. उंधियूत तर ती लागतातच. रताळ्याचे फ्रेंच फ्राइज बटाट्यासारखे कुरकुरीत होत नाहीत, कारण साखरेमुळे आतलं पाणी जायच्या आधीच ते लाल होतात, तरी करायचेच असतील तर काड्या अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, कॉर्नफ्लोअर लावून दोनदा तळा आणि लगेच खा. गुलाबजाम करतात लोक रताळ्याचे, मी दोनदा केले, दोनदा तेलात फुटले, तिसऱ्यांदा करणार नाही.

डायबेटिसवाल्यांना 'रताळं चालतं' असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. उकडलेल्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप, कमी असतो आणि भाजलेल्याचा बराच वर जातो, वर सांगितलं तेच कारण, स्टार्चची साखर झालेली असते. त्यामुळे त्यांनी मामीचं राखेतलं रताळं चवीपुरतं खावं, उकडलेलं लहानसं एक, सोबत दही किंवा दाणे, आणि साखर मोजून बघावी. किडनी स्टोनचा त्रास असेल तर रताळ्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे डॉक्टरांना विचारूनच. आणि एकादशीला 'हलकं' म्हणून पाऊण किलो खाल्लं की रात्री पोटात जे गडगडतं त्याला रताळं जबाबदार नाही.

टोपलीत राहून एखाद्याला मोड आले तर घाबरून फेकू नका, हिरव्या पडलेल्या, मोड आलेल्या बटाट्याची भीती असते तशी इथे नसते, मऊ पडलेलं किंवा बुरशी आलेलं नसेल तर मोड खुडून शिजवा. किंवा ते अख्खं रताळं एका मोठ्या कुंडीत आडवं पुरा, वेल वीतभर वाढले की तोडून दुसऱ्या गोणीत लावा, ऊन भरपूर आणि पाणी बेताचं. चारेक महिन्यांनी खाली काय लागेल ते लागेल, पण तोवर कोवळी पानं खुडून लसूण-मिरचीवर परता, अगदी पालकासारखी शिजतात, थोडी बुळबुळीत, भाकरीबरोबर चांगली लागतात.